नाशिक-त्र्यंबकला येणारे साधू : कोण कोणत्या परंपरेचा?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नाशिक-त्र्यंबकेश्वरचा पुढचा सिंहस्थ, म्हणजे येथला कुंभमेळा, २०२६-२७ मध्ये येत आहे. साधुग्राम कोठे असावे, कोणत्या आखाड्याला किती जागा द्यावी, याची चर्चा गावात रंगू लागली की 'साधू-महंत' असा एकच शिक्का सगळ्यांवर मारला जातो. दंडी स्वामी, नागा, बैरागी, नाथ, उदासी हे सारे त्या एका शिक्क्याखाली जातात. वास्तविक यांतील काही परंपरा एकमेकींच्या पंगतीला बसत नाहीत, आणि वैष्णव बैरागी व शैव गोसावी यांनी तर एकेकाळी स्नानाच्या मानावरून शस्त्रे उपसली होती. पेशवाईत त्यावर तोडगा निघाला तो असा, की शैवांनी त्र्यंबकच्या कुशावर्तावर आणि वैष्णवांनी नाशिकच्या रामकुंडावर स्नान करावे. एकाच सिंहस्थाची दोन गावांत झालेली ही वाटणी आजही पाळली जाते, त्यामुळे ज्याला हे प्रकार समजून घ्यायचे आहेत त्याला आमच्या नाशिकसारखी जागा नाही.

वेशावरून ओळखायला जाऊ नये, असे माझे मत आहे. भस्म, जटा आणि धुनी ही शैवांची खूण समजली जाते. परंतु रामानंदी वैष्णवांतील त्यागी साधूही अंगाला भस्म फासतात, जटा राखतात आणि धुनीचे तप करतात. वसंत पंचमीपासून गंगा दशहऱ्यापर्यंत, म्हणजे थेट उन्हाच्या कडाक्यापर्यंत, भोवती गोवऱ्यांच्या धुमसत्या राशी मांडून ते रोज जपाला बसतात. पहिली तीन वर्षे पाच राशी, पुढची तीन वर्षे सात, मग बारा, मग चौऱ्याऐंशी, त्यानंतर 'कोट' धुनी, म्हणजे राशींचा सलग वेढा, आणि शेवटी डोक्यावर निखाऱ्यांचे खापर, असे हे अठरा वर्षांचे तप आहे. लांबून पाहणारा त्याला शंकराचा भक्त म्हणून मोकळा होईल. कपाळावरचे उभे गंध आणि गळ्यातील तुळशीची कंठी जवळून पाहिल्याशिवाय हा रामाचा बैरागी आहे हे कळत नाही.

म्हणून वेश बाजूला ठेवून दोन गोष्टी पाहाव्यात: दीक्षा घेताना या माणसाने नेमके काय सोडले, आणि तो चुकला तर त्याला जाब विचारणारे कोण आहे.

या कसोटीवर सर्वांत काटेकोर परंपरा दशनामी संन्याशांची आहे. तीर्थ, आश्रम, वन, अरण्य, गिरी, पर्वत, सागर, सरस्वती, भारती आणि पुरी ही त्यांची दहा नावे आहेत. परंपरा त्यांचा उगम आद्य शंकराचार्यांकडे नेते आणि ही नावे चार पीठांना वाटून देते: शृंगेरीला सरस्वती, भारती, पुरी, द्वारकेला तीर्थ आणि आश्रम, जगन्नाथपुरीच्या गोवर्धन पीठाला वन आणि अरण्य, ज्योतिर्मठाला गिरी, पर्वत, सागर. संन्यास घेणारा स्वतःचे श्राद्ध स्वतः करतो, विरजा होम, म्हणजे शुद्धीचा होम करतो, शेंडी आणि जानवे टाकतो आणि प्रैषमंत्र, म्हणजे सर्वत्यागाचा मंत्र, उच्चारतो. त्या क्षणापासून त्याचे नाव, गोत्र, घर आणि वारसा हे सर्व 'पूर्वाश्रमीचे' होते. जुन्या ग्रंथांत संन्याशांचे कुटीचक, बहूदक, हंस आणि परमहंस असे चार प्रकार सांगितले आहेत. कुटीचक हा मुलाच्या घराजवळ झोपडी बांधून त्याच्याच घरचे अन्न घेणारा, बहूदक तीर्थे हिंडत घरोघर भिक्षा मागणारा, आणि परमहंस शेंडी-जानव्यासह सर्व टाकणारा. आज आपल्याला भेटणारा दशनामी संन्यासी यांतील शेवटच्या प्रकारात मोडतो. पहिला प्रकार मला फार समंजस वाटतो, परंतु तो व्यवहारातून जवळजवळ गेला आहे.

आखाडे, म्हणजे साधूंच्या संघटना, तेरा आहेत. जुना, निरंजनी, महानिर्वाणी, अटल, आवाहन, आनंद आणि अग्नी हे सात शैव. निर्वाणी, निर्मोही आणि दिगंबर या तीन वैष्णव अनी (मूळ अर्थ सैन्य). आणि बडा उदासीन, नया उदासीन व निर्मल हे तीन. यांतील अग्नी आखाडा ब्रह्मचाऱ्यांचा आहे, नागांचा नाही. उदासीन आपली परंपरा गुरू नानकांचे पुत्र श्रीचंद यांच्याशी जोडतात, तर निर्मल साधू गुरू ग्रंथसाहिब मानतात. 'हिंदू साधू' म्हणून मोजले जाणारे तेरा आखाडे शीख परंपरेपर्यंत पोचलेले आहेत, हे नाशिककरांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते.

दंडी, नाथ, दत्तसंप्रदाय आणि आपल्याकडचे इतर प्रकार यांविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

वाडीकर

धागा उत्तम आहे. नृसिंहवाडीला वरचेवर जाणे होत असल्यामुळे दंडी स्वामींविषयी लिहितो.

दशनामींतील सगळे संन्यासी दंड धारण करत नाहीत. तीर्थ, आश्रम, सरस्वती आणि काही भारती यांच्यात दंडाची परंपरा आहे आणि ही दीक्षा रूढीने ब्राह्मणांपुरती राहिली आहे. हा दंड बांबूचा असतो, तो वस्त्रात गुंडाळलेला असतो आणि त्याचीही नित्य पूजा होते. दंडी संन्यासी अग्नीला स्पर्श करत नाही, त्यामुळे स्वतःपुरता स्वयंपाकही करत नाही. मोजक्या घरची माधुकरी किंवा निमंत्रणाची भिक्षा घेतो. क्षौर त्याच्या इच्छेने होत नाही, ते ठरलेल्या पौर्णिमेलाच करावे लागते. पावसाळ्यात पायाखाली जीवजंतू येऊ नयेत म्हणून चातुर्मास्य एका जागी करायचे असते. पण संन्याशांच्या हिशेबात पक्ष म्हणजेच मास, त्यामुळे ते गुरुपौर्णिमेच्या व्यासपूजेला सुरू होऊन भाद्रपद पौर्णिमेला संपते. गृहस्थांचा चातुर्मास कार्तिकीपर्यंत चालतो, स्वामींचा दोन महिन्यांत आटोपतो.

या नियमांचे चालते-बोलते उदाहरण म्हणजे वासुदेवानंद सरस्वती, आपले टेंबे स्वामी. सावंतवाडीजवळच्या माणगावी १८५४ साली जन्म, संसार झाला, आणि १८९१ मध्ये गंगाखेडला पत्नीचे निधन झाल्यावर त्यांनी संन्यास घेतला. दंड उज्जैनला मिळाला. त्यानंतर १९१४ मध्ये नर्मदाकाठी गरुडेश्वरला समाधिस्थ होईपर्यंत त्यांनी केलेला प्रवास पायी होता. मुद्दा असा की त्यांना कोणी आखाडा नव्हता, पाठीशी नागांची फौज नव्हती आणि महंतीची गादीही नव्हती. 'जाब विचारणारे कोण' या आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे धर्मशास्त्राची पोथी हेच आहे, आणि ती सर्वांत कडक पंच असते.

नृसिंह सरस्वतींच्या नावातील 'सरस्वती' हेही दशनामी नावच आहे. कारंज्यात जन्मलेल्या या दत्तावताराने काशीला रीतसर संन्यास घेतल्याचे गुरुचरित्र सांगते. आज गुरुचरित्राचे पारायण करणारे बहुसंख्य लोक संसारी आहेत, परंतु ज्यांची पूजा होते ते यती आहेत. ही जोडी दत्तसंप्रदायाचे वैशिष्ट्य आहे.

सानिका_व

माहितीबद्दल दोघांचेही आभार. नागा आणि अघोरी एकच, असे दूरचित्रवाणीवर सरसकट दाखवतात. ते खरे आहे का? आणि नागा होण्याची काही ठरावीक रीत आहे, की वस्त्रे टाकली म्हणजे झाले?

गोदाकाठ

एकच नाहीत. अघोरी हे वाराणसीच्या क्रींकुंडाशी आणि बाबा किनाराम यांच्या परंपरेशी जोडलेले, स्मशानसाधनेचे लोक आहेत. तेरा आखाड्यांत त्यांचा स्वतंत्र आखाडा नाही. नागा हा मात्र आखाड्याचा शिस्तबद्ध शिपाई आहे, आणि शैवांप्रमाणे वैष्णव अनींतही नागा आहेत. वैष्णव नागा वस्त्रे नेसतात, त्यामुळे विवस्त्र असणे हीसुद्धा नागाची व्याख्या नव्हे.

शैव आखाड्यांतील रीत टप्प्याटप्प्याची आहे. उमेदवार काही वर्षे गुरूची सेवा करतो, मग पाच गुरूंकडून त्याचा संस्कार होतो, ज्यात शेंडी, भगवे वस्त्र, रुद्राक्ष, विभूती आणि लंगोटी यांचा समावेश असतो. कुंभमेळ्यात पिंडदान आणि विरजा हवन होते, आणि दिगंबर ही अवस्था त्यानंतरची आहे. दीक्षा कोणत्या कुंभात झाली यावरून नावे पडतात: प्रयागचा राजराजेश्वर, हरिद्वारचा बर्फानी, उज्जैनचा खुनी आणि आपल्या त्र्यंबकचा 'खिचडिया' नागा. उज्जैनवाल्यांना उग्र आणि आम्हाला खिचडी, ही वाटणी नाशिककरांनी निमूट मान्य केलेली दिसते.

आखाड्याच्या आत श्रीमहंत, महंत, थानापती, कोठारी, कोतवाल अशी पदे आहेत आणि निर्णय पंचांत होतात. महामंडलेश्वर हे पद विद्वत्तेच्या आणि प्रवचनाच्या अंगाने दिले जाते. ते आखाड्याचे भूषण असते, पण कोठाराच्या किल्ल्या पंचांकडेच राहतात.

बन_मराठवाडा

या चर्चेत घरबारी गोसाव्यांचा उल्लेख राहून गेला आहे. मराठवाड्यात गिरी, पुरी, भारती, बन ही आडनावे असलेली शेकडो कुटुंबे आहेत, आणि त्यांपैकी एक माझे आहे. दशनामींची नावे आमच्याकडे आडनावे झाली. आम्ही शेती करतो, नोकऱ्या करतो, लग्ने करतो आणि सरकारी यादीत गोसावी ही भटक्या जमातींमध्ये मोडणारी जात आहे. तरीही आमच्यात माणूस गेला की त्याला बसवून माती दिली जाते, त्यावर समाधी बांधतात आणि बहुतेकदा महादेवाची पिंड ठेवतात. संन्याशाने अग्नी सोडलेला असतो म्हणून त्याला जाळत नाहीत; आम्ही अग्नी सोडलेला नाही, रोज चूल पेटते, पण मृत्यूनंतरचा नियम तेवढा संन्याशाचा राहिला.

गावात देवळाची पूजा आमच्याकडे असते आणि भिक्षेचा मान जुन्या लोकांना आठवतो. 'तुम्ही साधू की जात?' असा प्रश्न शाळेत विचारला जायचा. धागाकर्त्यांच्या कसोटीवर आमचे पूर्वज साधू होते आणि आम्ही त्यांचे वंशज आहोत, जे खरे तर शक्यच नसायला हवे.

सोमवारपेठ

'बन' यांनी मार्मिक मुद्दा मांडला आहे. त्यामागचा इतिहासही गमतीचा आहे. अठराव्या शतकात गोसावी हे केवळ भिक्षेकरी नव्हते, ते मोठे व्यापारी, सावकार आणि भाडोत्री सैनिक होते. तीर्थयात्रेचे मार्ग हेच त्यांचे व्यापाराचे मार्ग, मठ हीच पेढी आणि चेला हाच वारस. वारसा मुलांत वाटला जात नसल्यामुळे भांडवल फुटत नसे, आणि शस्त्रधारी सोबत असल्यामुळे माल सुखरूप पोचे. पुण्यात सोमवार पेठेत, नागपुरात आणि हैदराबादेत त्यांच्या पेढ्या होत्या.

सैन्याच्या बाजूने सर्वांत प्रसिद्ध नाव अनुपगिरी गोसावी ऊर्फ हिंमतबहादूर यांचे आहे. हे आणि त्यांचे गुरुबंधू उमरावगिरी १७६१ मध्ये पानिपतावर अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या, म्हणजे अब्दालीच्या बाजूच्या, छावणीत होते. पुढे अनुपगिरी महादजी शिंद्यांकडेही राहिले आणि अखेरीस इंग्रजांशी हातमिळवणी करून १८०४ मध्ये वारले. धर्मयुद्धाच्या ढोबळ चौकटीत हा माणूस कोठेच बसत नाही. संन्यास घेतलेला सेनापती, मुघलांचा, नवाबाचा आणि मराठ्यांचा नोकर, आणि तरीही आखाड्याच्या लोकांच्या दृष्टीने गिरी नावाचा दशनामी. सोडलेले काय होते, या प्रश्नाला 'कुटुंब' एवढेच उत्तर येते. सत्ता आणि संपत्ती सोडल्याचे दिसत नाही.

कद्रीवासी

मी मूळचा सांगलीचा असून कित्येक वर्षे मंगळूरला आहे. नाथपंथाविषयी लिहिण्याचे कारण असे की त्र्यंबकेश्वर आणि मंगळूर हे एका दोरीने बांधलेले आहेत आणि ती दोरी बारा वर्षांनी एकदा दिसते.

नाथांत नवशिका साधू 'औघड' असतो. त्याच्या गळ्यात लोकरीची सेली आणि तिला लटकणारी शिंगी, म्हणजे नाद, असते. देवापुढे आणि गुरूपुढे तो ती फुंकतो. पुढे गुरू त्याच्या कानाच्या पाळीला नव्हे, तर मधल्या कूर्चेला चीर देतो आणि तीत कुंडल घालतो. त्यानंतर तो 'दर्शनी' होतो. बाहेरचे लोक कानफाटे म्हणतात; त्यांना स्वतःला ते नाव आवडत नाही, योगी किंवा नाथजी म्हणावे. पंथाच्या बारा शाखा आहेत आणि एकमेकांना भेटल्यावर ते 'आदेश' म्हणतात.

त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थानंतर बारापंथी नाथांची झुंडी नागपंचमीच्या सुमारास तेथून पायी निघते. बरोबर पात्रदेवता, म्हणजे देवता म्हणून पुजले जाणारे पात्र, असते, वाटेत नाथांच्या स्थानांवर मुक्काम होतात, आणि जवळपास सहा महिने चालून ही झुंडी महाशिवरात्रीच्या सुमारास मंगळूरच्या कद्री मठात पोचते. तेथे मठाच्या नव्या 'राजा'चा पट्टाभिषेक होतो आणि पुढची बारा वर्षे तो त्या गादीवर राहतो. मुदत संपली की राजा उठतो आणि दुसरा बसतो. गादी ना रक्ताने मिळते, ना आजीव राहते. याआधीचा सोहळा २०१६ च्या मार्चमध्ये झाला. शहरातल्या तुळू आणि कोकणी लोकांच्या गर्दीत मराठीत बोलणारे नाथजीही भेटले. सातारा-सांगलीकडचे शब्द ऐकून बरे वाटले.

माळकरी

आतापर्यंतच्या सर्व प्रतिसादांत घर सोडणे हाच केंद्रबिंदू धरलेला आहे, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मला तो मान्य नाही. आमचे नामदेव, एकनाथ आणि तुकोबा संसारी होते. सावता माळी मळ्यात होते, गोरोबा चाकावर होते. वारकऱ्याची दीक्षा म्हणजे गळ्यात तुळशीची माळ, त्याबरोबर मद्य-मांसाचा त्याग, एकादशीचा उपवास आणि पंढरीची वारी. शेंडी कापावी लागत नाही, घरदार सोडावे लागत नाही, नाव बदलत नाही. फडावरचे महाराज कीर्तन करतात, घरी जाऊन शेत पाहतात. वेशाविषयी तुकोबांनी बजावूनच ठेवले आहे, की भगवा रंग कुत्र्यालाही उपजतच असतो आणि जटा वाढवून दाही दिशा हिंडणे कोल्ह्यालाही जमते.

संन्यासाची जी एकतर्फी वाट आपण सांगता, तिची किंमत आमच्या माउलींच्या घराने मोजली आहे. विठ्ठलपंतांनी काशीला संन्यास घेतला, गुरूंना ते विवाहित असल्याचे कळले आणि त्यांनीच त्यांना आळंदीला परत संसारात धाडले. पुढे चार मुले झाली. गुरूची आज्ञा होती, तरी धर्मसभेने संन्याशाची मुले म्हणून त्यांना वाळीत टाकले. आई-वडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यानंतरही मुंजीचा अधिकार मिळाला नाही आणि शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले. जाब विचारणारे कोण, असे आपण विचारता. येथे जाब गुरूला नाही, तर मुलांना विचारला गेला.

गोदाकाठ

माळकरी यांचा आक्षेप मला मोलाचा वाटतो, परंतु पूर्ण पटत नाही. वारकरी संत हे संसारी होते, हे खरेच. पण म्हणून त्यांना साधूंच्या या वर्गीकरणात बसवण्यापेक्षा बाहेर ठेवणेच त्यांच्या भूमिकेला धरून होईल, कारण त्यांनी हा सगळा आश्रमव्यवस्थेचा जिनाच टाळला. आणि दोन्ही प्रवाह तुटक नाहीत. निवृत्तिनाथांना उपदेश मिळाला तो गहिनीनाथांकडून, ब्रह्मगिरीवर, म्हणजे नाथपंथाकडून. त्यांची समाधी त्र्यंबकलाच आहे आणि पौष वद्य एकादशीला तेथे वारकऱ्यांच्या दिंड्या येतात. कुशावर्तापासून काही पावलांवर दोन अगदी वेगळ्या साधुपरंपरांची गाठ पडते. विठ्ठलपंतांचे उदाहरण मात्र माझ्या मुद्द्याला पुष्टीच देते: त्या काळी संन्यास ही मनाची अवस्था मानली जात नव्हती, ती परत न फिरवता येणारी कायदेशीर कृती होती.

जुना_वकील

'कायदेशीर कृती' हा शब्द आजही लागू आहे. हिंदू कायद्यानुसार संन्यास म्हणजे नागरी मृत्यू: संन्यासी पूर्वाश्रमीच्या कुटुंबाच्या मिळकतीतील वारसाहक्क गमावतो, आणि त्याच्या संन्यासातील संपत्तीचा वारस त्याचा चेला होतो. परंतु न्यायालय भगव्या कपड्यावर समाधान मानत नाही. वाराणसीजवळच्या गढवाघाट मठाच्या महंतीवरून झालेल्या खटल्यात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने हा सगळा ऊहापोह केला आहे. संसाराचा खरोखर आणि पूर्ण त्याग झाला आहे आणि आवश्यक ते विधी झाले आहेत, हे सिद्ध करावे लागते. त्याच निकालात शूद्राला संन्यासाचा अधिकार आहे का, हाही प्रश्न होता. जुना सनातनी दंडक नाही म्हणत असला तरी पंथाची रूढी तशी असेल तर तो संन्यासी होऊ शकतो, असा त्याचा आशय आहे. वकिलीत असे खटले आले की पहिला प्रश्न हाच असायचा, की विरजा होम कोणी पाहिला.

ऋद्धिपूरकर

महानुभाव पंथाचा उल्लेख झाल्याशिवाय महाराष्ट्रातील संन्यासाची चर्चा पुरी होणार नाही. आमच्यात संसारी अनुयायाला वासनिक म्हणतात आणि दीक्षा घेतलेल्यांत पुरुष व स्त्रिया दोघेही असतात. ही अलीकडची सुधारणा नव्हे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या परिवारातच महदंबा आणि इतर स्त्रिया होत्या, त्या प्रश्न विचारत आणि स्वामी उत्तरे देत, हे लीळाचरित्राच्या पानोपानी दिसते. सोवळे-ओवळे आणि विटाळ या कारणांनी स्त्रीला बाजूला ठेवणे स्वामींना मान्य नव्हते. अटन (भ्रमण), विजन (एकांतवास), भिक्षा आणि नामस्मरण ही दीक्षिताची दिनचर्या आहे. वर दंडी स्वामींविषयी लिहिले आहे तेथे स्त्रीला प्रवेशच नाही, हे कोणीतरी स्पष्ट म्हणायला हवे होते.

सानिका_व

मला हाच प्रश्न विचारायचा होता. आखाड्यांत स्त्रियांचे काय?

गोदाकाठ

जुना आखाड्यात संन्यासिनींचा माईवाडा पूर्वीपासून आहे आणि स्त्रिया नागा दीक्षाही घेतात. त्यांना शिवण नसलेले एकच भगवे वस्त्र नेसायचे असते. किन्नर आखाडा २०१५ मध्ये ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या पुढाकाराने स्थापन झाला. तेरा आखाड्यांच्या सामाईक आखाडा परिषदेने त्याला चौदावा म्हणून मान्यता दिली नाही, तेव्हा २०१९ च्या प्रयागच्या कुंभात तो जुना आखाड्याबरोबर स्नानाला उतरला. समर्थ रामदासांनी मात्र सतराव्या शतकातच वेणाबाईंना मिरजेचा मठ दिला होता, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही.

आखाडा परिषदेवरून आठवले. २०१७ मध्ये परिषदेने भोंदू बाबांची एक यादी जाहीर केली होती. त्या यादीतील बऱ्याच जणांनी कोणत्याच आखाड्याची दीक्षा घेतलेली नव्हती, त्यामुळे परिषद त्यांना नावे ठेवू शकत होती, पण काढून टाकू शकत नव्हती. ज्याला कोणी आत घेतलेच नाही त्याला बाहेर कोण काढणार?

पर्तगाळकार

गोव्याकडचा एक प्रकार थोडक्यात नोंदवतो. आमच्या सारस्वत समाजात स्वामी हा समाजाचा गुरू असतो. कवळे मठ स्मार्त आहे, तर काणकोणचा गोकर्ण पर्तगाळी जीवोत्तम मठ माध्व वैष्णव असून १४७५ पासूनची परंपरा सांगतो. येथे मठाधिपती बहुधा लहान वयातच निवडला जातो, ब्रह्मचर्यातून थेट संन्यासात जातो आणि समाजाने मठाला द्यायची वंतिगा, म्हणजे वर्गणी, ठरलेली असते. स्वामींना जाब विचारणारा समाज आणि समाजाला जाब विचारणारे स्वामी, असे दुहेरी नाते आहे. रानात जाणाऱ्या साधूशी याचे साम्य थोडेच, तरी नियम यतीचेच.

अश्वत्थ

सर्व वर्गवारी मान्य केली तरी एक अडचण उरते. अक्कलकोटचे स्वामी समर्थ आणि शेगावचे गजानन महाराज यांना आपण कोठे बसवणार? दीक्षा कोणाची, आखाडा कोणता, पूर्वाश्रम काय, यांपैकी कशाचेच निर्विवाद उत्तर नाही. १८७८ मध्ये अक्कलकोटला स्वामी समाधिस्थ झाले आणि त्याच वर्षी शेगावला महाराज प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळीतील शिते वेचताना, अशी कथा आहे. महाराष्ट्रातील घराघरांत ज्यांच्या तसबिरी आहेत, नेमके तेच या तक्त्याबाहेर राहतात.

गोदाकाठ

त्यांच्यासाठी जुन्या ग्रंथांत जागा आहे. नारदपरिव्राजक उपनिषदात चार प्रकारांपुढे तुरीयातीत आणि अवधूत असे आणखी दोन सांगितले आहेत, आणि अवधूताला नियमच नाही असे म्हटले आहे. तो बालकासारखा, वेड्यासारखा किंवा पिशाच्चासारखा वागेल, हेही शास्त्राने गृहीत धरले आहे. म्हणजे माझ्या दुसऱ्या प्रश्नाला शास्त्रानेच येथे सूट दिली. अडचण अशी की ही सूट कोणीही स्वतःहून घेऊ शकतो, आणि आज बाबांच्या बाजारात बहुतेकांना अवधूत व्हायचे असते, दंडी कोणालाच नको असतो.

वाडीकर

अश्वत्थ यांना एक पुरवणी: अवधूताला नियम नसले तरी त्याच्यामागे उभ्या राहिलेल्या संस्थानाला असतात. शेगावची शिस्त महाराजांच्या नव्हे, संस्थानाच्या नावावर जमा करावी.

सानिका_व

शेवटचा व्यावहारिक प्रश्न. सिंहस्थात यांपैकी कोणी समोर आले तर नमस्कार कसा करावा?

वाडीकर

दशनामी संन्याशाला 'ॐ नमो नारायणाय' म्हणावे, तो 'नारायण' म्हणेल. रामानंदी बैराग्याला 'सीताराम', नाथजींना 'आदेश', महानुभावांना 'दंडवत प्रणाम', रामदासींना 'जय जय रघुवीर समर्थ' आणि वारकऱ्यांना 'राम कृष्ण हरी'. संन्यासी आपल्याला उलट नमस्कार करणार नाही, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. जन्मदात्या वडिलांनीही संन्यासी मुलाला नमस्कार करायचा असतो, आणि त्याने वाकायचे ते फक्त आईपुढे. दंडी स्वामींच्या हातात पैसे ठेवू नयेत, दंडाला स्पर्श करू नये. भिक्षेला बोलवायचे असेल तर आदल्या दिवशी त्यांच्या शिष्याला विचारावे आणि दुपारच्या आत पान वाढावे, कारण रात्रीचे जेवण त्यांना नसते.